जमीन सरकारची, घर तुमचं: हे गणित बसतं कसं आणि फसतं कुठे

कुठल्याही मोठ्या शहरात हिंडताना एक दृश्य हमखास नजरेला पडतं. रस्त्यालगत लांबच लांब भिंत, गंजलेलं फाटक, फाटकाला कुलूप आणि वर पाटी: ही जागा सरकारी मालकीची आहे. आत कंबरभर गवत, छप्पर उडालेली एखादी शेड, भिंतीच्या भेगेतून वर आलेलं झाड. कधीकाळी तिथे बसचा डेपो असेल, रुग्णालय असेल, रेल्वेचं यार्ड असेल. आता काहीच नाही. त्याच भिंतीजवळच्या थांब्यावर एक नर्स उभी असते. रात्रपाळी संपवून ती दीड-दोन तासांवरच्या घरी निघालेली असते, कारण ज्या शहरातल्या आजाऱ्यांची ती सेवा करते, त्या शहरात घर घेण्याइतका पगार तिला नाही.

भिंतीच्या आतली जमीन आणि बाहेर उभी असलेली ती बाई, यांची गाठ घालून द्यायची, एवढीच या विषयाची मूळ कल्पना. सरकारच्या पडून असलेल्या जमिनीवर परवडणारी घरं बांधायची आणि ती भाड्याने न देता विकायची. जगभरातली सरकारं अधूनमधून अशा घोषणा करतात आणि प्रत्येक वेळी सामान्य माणूस गोंधळतो. घर स्वस्त कसं होणार? तोटा कोण सोसणार? शेवटी हे बिल्डरच्याच घशात जाणार नाही ना?

शंका रास्त आहेत. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न यात येतच नाही. तो आहे दुसऱ्या विक्रीचा. पहिल्या माणसाला घर स्वस्तात मिळालं, पुढे त्याने ते विकायला काढलं, तेव्हा काय होणार? तिथे पोचण्याआधी थोडी पायाभरणी करू.

घरात महाग असतं ते काय?

सिमेंट, लोखंड, विटा, मजुरी यांचे दर शहराच्या मध्यात आणि वेशीबाहेर फारसे वेगळे नसतात. तोच आराखडा, तेवढ्याच खोल्या, तोच मिस्त्री. तरी घराच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक पडतो. हा फरक मुख्यतः जमिनीचा.

जमिनीचा भाव ठरण्याची रीतही उलटी आहे. विटेचा भाव खालून वर चढत जातो: माती, जळण, मजुरी, वाहतूक, त्यावर नफा. जमीन मात्र कुणी तयार करत नाही. तिचा भाव वरून खाली उतरतो. बिल्डर आधी अंदाज घेतो की इथे तयार घर केवढ्याला खपेल. त्या रकमेतून बांधकाम, कर्जाचं व्याज, परवानग्यांचं शुल्क आणि स्वतःचा नफा वजा करतो. जे उरतं, तेवढं तो जमीनमालकाला देऊ शकतो. जमीन महाग म्हणून घरं महाग, असं आपण म्हणतो. पण घरं महाग विकली जातात म्हणूनही जमीन महाग होते.

हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा बराच घोळ इथूनच सुरू होतो. बिल्डरला जमीन स्वस्तात दिली की तो घर स्वस्तात विकेल, असं आपोआप घडत नाही. त्या भागात घराला जो भाव येतो, तोच तो लावणार. मग जमिनीवर वाचलेला पैसा ग्राहकापर्यंत पोचतच नाही. म्हणून जमीन कोणत्या दराने दिली एवढं पाहून भागत नाही. घराची विक्री किंमत करारात बांधून घेतली आहे का, हे पाहावं लागतं.

जमीन फाजील आहे, हे ठरवतं कोण?

फाजील किंवा अतिरिक्त सरकारी जमीन म्हणजे ज्या कामासाठी ती घेतली होती त्या कामाला आता लागत नाही, आणि नजीकच्या काळात लागेल असंही दिसत नाही अशी जमीन. व्याख्या सोपी आहे, अंमल अवघड. सरकार म्हणजे काही एक माणूस नव्हे. जमिनी वेगवेगळ्या खात्यांच्या, महामंडळांच्या, नगरपालिकांच्या नावावर असतात. कुठलंही खातं आपली जमीन सहजासहजी फाजील म्हणत नाही. उद्या गरज पडली तर? घरात जसा माळ्यावरचा मोडका पंखा कुणी टाकू देत नाही, तसंच. कित्येक सरकारांकडे आपल्या सगळ्या जमिनींची एकत्र यादीसुद्धा नसते. म्हणून पहिलं काम घरं बांधण्याचं नसतं, यादी करण्याचं असतं.

कॅलिफोर्नियाने यासाठी एक रीत घालून दिली. तिथला फाजील जमिनीचा कायदा १९६८चा. २०१९ मध्ये तो कडक केला. स्थानिक संस्थेला जादाची जमीन विकायची असेल, तर ती थेट बाजारात नेता येत नाही. आधी परवडणारी घरं बांधणाऱ्या संस्थांना तशी सूचना द्यावी लागते. त्यांना उत्तरासाठी ६० दिवस मिळतात, आणि कुणी रस दाखवला तर त्यांच्याशी ९० दिवस प्रामाणिकपणे बोलणी करावी लागतात. ती फिसकटली तरच लिलावाची वाट मोकळी होते. कायदा जमीन फुकट द्या असं सांगत नाही, आधी विचारा एवढंच सांगतो. पण ही सक्ती नसेल, तर अशा संस्थांना जमीन विक्रीला निघाल्याचं कळतं तोवर व्यवहार झालेला असतो.

व्याख्येतला एखादा शब्द बदलला तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईच्या गिरण्यांनी दिलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. शहराच्या मध्यावर ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती, आणि त्यातल्या २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्याच मालकीच्या होत्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाला. नियम कागदावर स्पष्ट होता. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी आता गिरणीच्या सगळ्या जमिनीची होणार नव्हती, ज्या तुकड्यावर मुळात बांधकाम नव्हतं तेवढ्याचीच होणार होती. गिरणी म्हणजे तर भिंतीला भिंत लागलेल्या शेड. मोकळा तुकडा असणार तरी किती? घरांच्या आणि मैदानांच्या वाट्याला यायची जमीन आटून गेली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

तिथल्या माणसांचं नुकसान एका शब्दाच्या नव्या अर्थाने झालं. ज्यांनी त्या शेडमध्ये आयुष्य काढलं, त्यांच्या घरांची जमीन ‘मोकळी’ या शब्दात बसली नाही. एवढी जमीन एकाच शहराच्या पोटातून पुन्हा मोकळी होणार नाही, म्हणून ही गोष्ट मला आजही लागते.

आता स्वस्ताईचं गणित

एक कल्पित घर घेऊ. बाजारात त्याची किंमत १०० धरू. समजा त्यातले ४० जमिनीचे, ४० बांधकामाचे, आणि उरलेले २० व्याज, शुल्क, विक्रीखर्च आणि नफा यांचे. प्रमाण जागेप्रमाणे बदलेल; इथे आकडे फक्त समजण्यापुरते.

सरकारने जमिनीचे ४० मागितलेच नाहीत, तर घर ६० ला उभं राहतं. बांधकामात काटकसर नाही, खोल्या लहान नाहीत, भिंती पातळ नाहीत. स्वस्त म्हणजे निकृष्ट, ही भीती इथे लागू पडायचं कारण नाही. किंमत कमी झाली ती जमीन वजा झाल्यामुळे. वीट, सिमेंट, गिलावा तोच राहिला. कुठे घरं खरोखर निकृष्ट निघाली, तर तो कंत्राटाचा आणि देखरेखीचा दोष आहे, आणि तो तसाच पकडला पाहिजे.

‘परवडणारं’ हा शब्दही एकदा पक्का करून घेऊ. घराचा हप्ता उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांत बसला तर घर परवडलं, असा एक रुळलेला ठोकताळा आहे. बाजारभावाच्या अमुक टक्के कमी म्हणजे परवडणारं, अशी व्याख्या काही योजना करतात. ती फसवी असते. बाजारभावच आवाक्याबाहेर असेल, तर त्याच्या ८० टक्केही आवाक्याबाहेरच. मोजायला माणसाच्या पगारापासून सुरुवात करायची, बाजारापासून नाही.

आता जमिनीचे ४० न मागण्याच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे जमीन घरासकट देऊनच टाकायची. दुसरी म्हणजे घर विकायचं, पण जमीन सरकारकडे किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेकडे ठेवायची आणि घरमालकाला ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने वापरायला द्यायची. भाडेपट्टा म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या अटींवर वापरण्याचा लेखी हक्क. झाडाचं फळ द्यायचं की झाडच द्यायचं, असा हा फरक आहे. पहिल्या दिवशी दोन्ही वाटांनी आलेल्या घरांची किंमत सारखीच दिसते. फरक कळायला दहा वर्षं जावी लागतात.

दुसरी विक्री

आपल्या नर्सने ते घर ६० ला घेतलं. दहा वर्षांनी तसल्याच घराचा बाजारभाव १५० झाला, आणि बदली झाली म्हणून तिला घर विकायचं आहे.

काहीच अट नसेल तर ती १५० ला विकेल. तिला ९० मिळाले. तिच्या शेजारच्या इमारतीत ज्याने १०० ला घर घेतलं होतं, त्याला ५० मिळाले. वरचे ४० ही सार्वजनिक जमिनीची किंमत, जी एका कुटुंबाच्या हातात एकदाच पडली. तिचा यात काही दोष नाही. नियमाने दिलं ते तिने घेतलं. पण पुढच्या नर्सला ते घर १५० लाच घ्यावं लागणार. सरकारची जमीन गेली आणि परवडणारं घरही गेलं. ब्रिटनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे मुद्दा फाजील जमिनीचा नव्हता, सार्वजनिक घरांचा होता. पण धडा तोच. १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहतं घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. एकट्या इंग्लंडमध्ये अशी जवळपास २० लाख घरं विकली गेली. लाखो कुटुंबं त्यातून खरोखर उभी राहिली, हे नाकारायचं कारण नाही. पण काही वर्षांतच ती घरं खुल्या बाजारात मिसळली, आणि त्यातली बरीच आज खासगी घरमालक भाड्याने देतात.

हाँगकाँगने वेगळी तोड काढली. तिथे सवलतीतल्या मालकीच्या घरांची पहिली विक्री १९७८ मध्ये झाली. नियम असा: घर खुल्या बाजारात विकायचं असेल, तर घेताना जेवढे टक्के सवलत मिळाली होती तेवढे टक्के आजच्या बाजारभावाचे सरकारला भरा. आपल्या उदाहरणात सवलत ४० टक्के होती. आजचा भाव १५०. म्हणजे ६० सरकारला आणि ९० नर्सला. सरकारने घातलेला पैसा वाढीसकट परत येतो, हे चांगलं. पण ते घर मात्र १५० चं होऊन बसतं. पैसा परत आला तरी घर परत येत नाही, आणि त्या पैशातून नवी जमीन घ्यायची तर आजच्या भावाने.

तिसरी रीत अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन या गावाची. १९८४ मध्ये, पुढे अमेरिकेचे सिनेटर झालेले बर्नी सँडर्स तिथले महापौर असताना, नगरपालिकेच्या पाठबळावर तिथे सामुदायिक भूमी न्यास उभा राहिला. जमीन न्यासाची, घर माणसाचं. घर विकताना मालकाला त्याने घातलेले पैसे परत मिळतात, आणि वाढलेल्या किमतीच्या २५ टक्के मिळतात. बाकीची वाढ घरातच राहते, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला ती सवलत म्हणून मिळते. आपले आकडे या रीतीत घालू: भाव ५० ने वाढला, त्याचे २५ टक्के म्हणजे साडेबारा. नर्स ७२.५ ला घर सोडते. पुढच्या माणसाला १५० चं घर ७२.५ ला मिळतं. तो सोडेल तेव्हा त्याच्या पुढच्याला. सरकारने एकदाच दिलेली जमीन पिढ्यानपिढ्या कामाला येते.

या तीन रीतींपैकी मी तिसरीच्या बाजूचा आहे. सार्वजनिक जमीन वाचनालयातल्या पुस्तकासारखी आहे. वाचायला घरी न्या, हवं तितके दिवस ठेवा, पण रद्दीच्या भावाने असो की सोन्याच्या, ते विकायचं नाही.

एका रुग्णालयाची जागा

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते लंडनच्या पूर्व भागातल्या माइल एंडमध्ये पाहता येतं. सेंट क्लेमेंट्स ही तिथली जुनी वास्तू. १८४९ मध्ये निराधारांचं कामघर, म्हणजे कामाच्या बदल्यात आसरा देणारी जागा, म्हणून बांधलेली, पुढे रुग्णालय झालेली. २००५ मध्ये रुग्णालय बंद पडलं आणि जागा तशीच राहिली. ती सार्वजनिक मालकीची होती, आणि शेजारपाजारच्या लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली की इथली काही घरं कायमची परवडणारी ठेवा. अखेर त्या आवारात एकूण २५२ घरं झाली. त्यातली २३ लंडन सामुदायिक भूमी न्यासाकडे आली आणि २०१७ पासून लोक तिथे राहायला आले.

त्या २३ घरांची किंमत कशी काढली, तो भाग मला फार आवडतो. बाजारभाव बाजूला ठेवला. त्या भागातल्या लोकांचं मध्यम उत्पन्न काय, हे सरकारी आकडेवारीतून घेतलं. मध्यम म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचं. त्याने उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग हप्त्याला दिला, तर त्याला किती कर्ज झेपेल, तेवढी घराची किंमत. एका खोलीच्या घराची किंमत अशी बाजारभावाच्या साधारण एक तृतीयांश आली. विकतानाही हेच सूत्र. घराची किंमत तिथल्या पगारांबरोबर वाढते, तिथल्या तेजीबरोबर नाही.

२५२ पैकी २३ म्हणजे दहातलं एकही नाही. जमीन सार्वजनिक, इतका लढा, आणि हाती आलं ते एवढंच. सूत्र उत्तम असलं तरी किती घरांना ते लावायचं हे जमीन देतानाच ठरतं, आणि तिथे लोकांचा जोर कमी पडला.

‘मग ते घर माझं कसं?’

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि तो मनापासूनचा असतो. आयुष्यभर राबून घर घ्यायचं, आणि वाढीतला मोठा हिस्सा सोडून द्यायचा?

घरमालकीत दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात. एक स्थैर्य: कुणी उठवणार नाही, भाडं वाढणार नाही, मुलांची शाळा बदलणार नाही, भिंतीला खिळा ठोकायला कुणाची परवानगी नको. दुसरी गुंतवणूक: भाव वाढला की फायदा. अशा घरात पहिली गोष्ट पूर्ण मिळते, दुसरी बेताची. पण तुलना कशाशी करायची? बाजारभावाने घर घेणं तिला शक्यच नव्हतं. तिची खरी तुलना भाड्याच्या घराशी आहे, जिथे दहा वर्षांनी हातात भाड्याच्या पावत्याच उरतात. इथे फेडलेलं मुद्दल तिचं असतं, वर वाढीतला थोडा वाटा. पुढचं घर घ्यायला सुरुवातीची रक्कम त्यातून उभी राहू शकते.

एक अट मात्र ठाम हवी. हे सगळं खरेदीच्या आधी, सही करण्याच्या आधी, तिला तिच्या भाषेत समजलं पाहिजे. वीस वर्षांनी विकायला गेल्यावर अट कळली, तर ती फसवणूकच.

लिलाव करून जास्त पैसे का मिळवू नयेत?

सरकारी खजिना सांभाळणाऱ्यांचा हा प्रश्न असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जमीन कमी दरात देणं हे अनुदानच आहे, चेक फाडला नाही एवढंच. ते हिशेबात स्पष्ट लिहिलं पाहिजे. इंग्लंडमध्ये तर १९७२च्या कायद्याने नगरपालिकांना जमीन मिळेल तितक्या चांगल्या मोबदल्यालाच विकण्याचं बंधन आहे. लोकहितासाठी त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत सूट देता येते, ती २००३ पासून.

लिलावाचे पैसे घेऊन दुसरीकडे जास्त घरं बांधता येतील, हा युक्तिवाद कागदावर बिनतोड दिसतो. कधी तो बरोबरही असतो. पाच दुकानांच्या बोळकंडीत अडकलेला चिमुकला तुकडा विकून टाकलेला बरा. पण मोठ्या जागांच्या बाबतीत दोन गोष्टी घडतात. लिलावाचा पैसा सगळ्या खर्चाच्या एकाच पिशवीत जातो आणि घरांपर्यंत पोचत नाही. आणि पोचला तरी ‘दुसरीकडे’ म्हणजे जिथे जमीन स्वस्त तिथे, म्हणजे शहराच्या टोकाला. नर्सचा दोन तासांचा प्रवास तसाच राहतो. विकलेली मध्यवर्ती जमीन परत घ्यायची वेळ आली, तर सरकारला इतरांसारखाच बाजारभाव मोजावा लागतो.

सिंगापूरचं काय?

या विषयावर बोलताना सिंगापूरचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १९६० मध्ये तिथे गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं, १९६४ पासून त्याने घरं विकायला सुरुवात केली, १९६८ पासून भविष्य निर्वाह निधीतून हप्ता भरायची मुभा मिळाली. आज सुमारे चार पंचमांश रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात आणि त्यातले साधारण ९० टक्के आपल्या घराचे मालक आहेत. जमीन सरकारची, घर ९९ वर्षांच्या पट्ट्याने.

पण त्याची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. तिथली बरीचशी जमीन आधीपासून फाजील पडलेली नव्हती. १९६६च्या भूसंपादन कायद्याखाली ती लोकांकडून घेतली गेली, आणि पुढे कित्येक वर्षं मोबदला जुन्या भावालाच गोठवलेला होता. तो भार कुणीतरी सोसला. शिवाय फेरविक्रीवर तिथे किमतीचं बंधन नव्हतं. ठरावीक वर्षं राहिलं, सहसा पाच, की बाजारभावाने विका. मोक्याच्या जागची घरं त्यामुळे इतकी महाग झाली की २०२१ मध्ये अशा नव्या घरांसाठी वेगळे नियम आले: दहा वर्षं राहायचं, आणि विकताना सवलतीचा भाग परत करायचा. ज्या देशाला या विषयात गुरू मानतात, त्यालाही दुसऱ्या विक्रीच्या प्रश्नाकडे साठ वर्षांनी वळून पाहावं लागलं.

सोडत लागली त्याचंच नशीब?

घरं थोडी, अर्ज ढीगभर, म्हणून सोडत काढावी लागते. घर विनाअट दिलं तर ती सोडत बक्षिसाची होते आणि बाकीच्यांची तगमग रास्त ठरते. तेच घर अटींसह फिरत राहिलं, तर आज नंबर न लागलेल्याचा पुढे लागू शकतो. अर्थात, अटी पाळल्या जातात का हे बघणारं कुणीतरी हवं. घर बंद ठेवलं, परस्पर भाड्याने दिलं, खोट्या उत्पन्नाचा दाखला जोडला, हे सगळं होतं. तपासणीसाठी माणसं आणि पैसा पहिल्या दिवसापासून धरले नाहीत, तर उत्तम करारही फाइलीत पडून राहतो.

आणि एक स्पष्ट सांगायला हवं: विकत घ्यायची घरं सगळ्यांसाठी नाहीत. ज्यांना बँक कर्जच देणार नाही, ज्यांचा रोजगार आज आहे तर उद्या नाही, त्यांना चांगलं आणि खात्रीचं भाड्याचं घर लागतं. व्हिएन्ना शहर आजही सुमारे २ लाख २० हजार भाड्याच्या घरांचं मालक आहे. सरकारी जमिनीवर फक्त विक्रीची घरं बांधली, तर सर्वांत गरजू माणूस पुन्हा भिंतीबाहेरच राहतो. तसंच, प्रत्येक मोकळा तुकडा घरांसाठीच असतो असंही नाही. मैदान, तळं, पुराचं पाणी मुरायची जागा ही फाजील जमीन नव्हे, ती कामात असलेली जमीन आहे.

भाव पडले तर?

पडतातही. १९९७ नंतर हाँगकाँगमध्ये घरांचे भाव कोसळले. २००२ मध्ये सरकारने सवलतीच्या घरांची विक्रीच थांबवली, आणि पुढे भाव पुन्हा भडकल्यावर ती सुरू करायला बराच काळ गेला. मधली पिढी तशीच राहिली. घरं बांधायला वर्षं लागतात, बाजार मात्र महिन्यांत फिरतो. त्यामुळे बाजार पडल्यावर योजना गुंडाळणं ही चूकच. खरेदीदाराचं म्हणाल, तर ज्याने १०० चं घर ६० ला घेतलं आहे, त्याच्या आणि तोट्याच्या मध्ये बरीच जागा असते. हप्ता पगारात बसणारा असतो, त्यामुळे मंदीत घर हातचं जायची भीतीही कमी.

भाडेपट्टा संपल्यावर काय?

हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण याचं उत्तर सगळ्यात अवघड आहे. सिंगापूरमध्येच गेलांग भागातल्या लोरोंग ३ या गल्लीत एकमेकांना लागून ओळीने बांधलेली १९१ घरं होती. खासगी घरं, पण सरकारी जमिनीवर, ६० वर्षांच्या पट्ट्याने. ३१ डिसेंबर २०२० ला मुदत संपली आणि जमीन घरांसकट सरकारकडे गेली, मोबदला न देता. करारात जे लिहिलं होतं तेच झालं. तरी त्या गल्लीतल्या शेवटच्या दिवसांची कल्पना केली की गलबलतं. पट्ट्याची वर्षं संपत येतात तशी बँकाही कर्ज द्यायला नाखूश होतात, मग घर विकणं अवघड होतं, आणि म्हातारपणी मालकाच्या हाती घटत जाणारी मालमत्ता उरते.

यावर तोडगा आहे आणि तो करारातच घालता येतो. सामुदायिक भूमी न्यासांच्या पट्ट्यात सहसा नूतनीकरणाची तरतूद असते, वारसाकडे घर जाण्याची सोय असते, आणि घर विकलं गेलं की नव्या मालकाला बहुतेकदा नव्याने पूर्ण मुदतीचा पट्टा मिळतो. जमीन सार्वजनिक राहते, पण घरमालकाच्या डोक्यावर घड्याळ टिकटिकत नाही. तेव्हा तुमच्या शहरात अशा योजनेची पुस्तिका हाती आली, तर पहिल्या पानावरची किंमत बघून झाल्यावर मागची पानं उलटा. पट्टा किती वर्षांचा, तो वाढतो का, वारसाला जातो का, आणि विकताना किंमत कोणत्या सूत्राने ठरणार, ही चार उत्तरं तिथे लिहिलेली असली पाहिजेत. नसतील तर अर्ज भरण्याआधी लेखी मागून घ्या.